जहाजावरचं जेवण कसं होतं, कय्यूमभाऊ?

चिमुरात एखाद्या लग्नाचं जेवण कसं झालं, हे नवरीच्या बापाला विचारून कळत नसतं. ते कय्यूमभाऊला विचारावं लागतं. हा माणूस बिछायत केंद्रवाला. सतरंज्या, गाद्या, पाण्याचे ड्रम, झारे, बादल्या आणि मणभर भात शिजेल एवढाले गंज, हे सगळं भाड्यानं देणारा. हिंदूचं लग्न असो, मुसलमानाचं असो, बारसं असो की तेरवी, तीस वर्षं गंज त्याचेच. आणि ज्याचे गंज तो पंगतीला असणारच, ही आमच्याकडची रीत.

आता त्याची जेवायची तऱ्हा ऐका. बाह्या वर सारून मांडी घालून बसायचा. पहिला घास नाकाजवळ न्यायचा, भाताचं शीत दोन बोटांत चुरडून पाहायचा आणि मग जी मान खाली घालायचा ती पोट भरेपर्यंत वर करायचा नाही. जेवण झालं की हात धुवायच्या आधी हाक, "बावर्ची कुठी आहे? बोलवा त्याले बाह्यर!" बावर्ची खांद्यावरच्या दुपट्ट्यानं घाम पुसत पंगतीसमोर येऊन उभा राहणार आणि कय्यूमभाऊ सगळ्यांदेखत सांगणार, "सोमाजी, वांग्याची भाजी एक नंबर. पण वरणाले फोडणी घाईत देल्ली तू. हिंग कच्चा लागून राह्यला." सोमाजी कान पकडून हसायचा. राग कोणालाच यायचा नाही. उलट कय्यूमभाऊनं बोलावलंच नाही तर बावर्ची दोन दिवस तोंड पाडून फिरायचे.

जेवणाच्या बाबतीत हा माणूस कधी खोटं बोलला नाही. म्हणजे अगदी सख्ख्या मेव्हण्याच्या वलीम्यात, लग्नाच्या जेवणात, बिर्याणीला त्यानं खिचडी म्हटलं. मेव्हणा दोन वर्षं बोलत नव्हता. साबिरानं, म्हणजे बायकोनं, किती डोकं फोडलं, "अजी, एक शब्द चांगला बोल्ले असते तं तुमचं काय गेलं असतं?" तर म्हणे, "माही जीभ गेली असती." घ्या आता! अशा माणसाशी कोण वाद घालणार?

(घरात ही मंडळी हिंदीत बोलत. पण सांगणाऱ्याची जीभ झाडीची, म्हणजे आमच्या चिमूरकडच्या बोलीची आहे, तेव्हा इथं सगळेच झाडीत बोलतील. चालवून घ्या.)

कय्यूमभाऊला मूलबाळ नाही. पण बहीण नाजिया तरणीताठी विधवा झाली आणि बल्लारपूरहून सहा वर्षांच्या दानिशला घेऊन भावाच्या दारात आली, त्या दिवसापासून हे घर पोराचं झालं. मामूनं त्याला मांडीवर बसवून जेवू घातलं. शीत कसं पाहायचं, वासावरून मीठ कसं ओळखायचं, सगळं त्या मांडीवर. पोरगा बारावी झाला आणि म्हणाला, नागपूरला हॉटेल मॅनेजमेंट करतो. अख्खं चिमूर हसलं. ताटं उचलायला कॉलेज लागतं काय, म्हणाले. कय्यूमभाऊनं कोणाचं ऐकलं नाही. तीन वर्षं पोराला शिकवलं आणि पोरगा थेट समुद्रावरच्या जहाजात लागला. मालाचं जहाज नव्हे, सहलीचं. पाण्यावर तरंगणारं दहा मजली हॉटेलच म्हणा.

दानिश सुट्टीत आला की बिछायतीच्या दुकानात गर्दी व्हायची. लोकांना समुद्राचं काही नव्हतं. त्यांना जेवण ऐकायचं असायचं, आणि सगळ्यात जास्त ऐकायचं असायचं मामूला.

दानिश सांगायचा, "तिथी डायनिंग रूम असते मामू. आपलं टेबल ठरलेलं, खुर्ची ठरलेली, वाढणाराबी रोज तोच. तुमच्या जागी दुसरा कोणी बसत नाई. बसलं का मांडीवर धुतलेला रुमाल. मंग कार्ड देतात. त्याच्यावर पदार्थांची नावं, पण किंमत नाई. तिकिटातच आलं सगळं. पयले सूप, मंग पाल्याची कोशिंबीर, मंग मोठं ताट, मंग गोड. कधी कधी सूप थंडं असते."

"थंडं?" कय्यूमभाऊ ओरडला. "थंडं सूप म्हंजे कालचं वरण झालं ना बे!"

"तसंच पेतात मामू. ताटात घासभरच वाढतात, पण पुन्हा मागा, तिसऱ्यांदा मागा, कोणी तोंड वाकडं करत नाई. चार-चार काटे-चमचे असतात. बाह्यरचा पयले उचलायचा, मंग आतला. रोज कार्ड बदलते. आन् शेवटच्या रात्री सगळे बावर्ची पांढरे कपडे घालून किचनमधून बाह्यर येतात. बाजा वाजते, हातात केक, केकावर फुलझड्या. लोकं उभे राहून टाळ्या वाजवतात, रुमाल फिरवतात."

कय्यूमभाऊच्या हाकेनं बाहेर आलेले बावर्ची आजवर कान पकडूनच उभे राहिले होते. बावर्च्यांसाठी लोक उठून उभे राहतात, ही गोष्ट त्याच्या इतकी काळजात बसली की पुढं वर्षभर ज्याला त्याला तो तीच सांगत राहिला. "एकदा पाह्यलं पायजे गा," असं म्हणायचा.

आणि तो योग आला. दोन हजार सहा साल. जहाज त्या हंगामात मुंबईहून सुटत होतं. मुंबई, गोवा, लक्षद्वीप आणि परत, चार रात्री. तीन वर्षं नोकरी झालेल्याला घरची दोन माणसं नेता येत होती. नाजियाचे गुडघे धरलेले, शिवाय पाण्याची धास्ती. ती म्हणाली, "भाई-भाभीले ने. त्यायनंच तुले मोठं केलं." बकरी ईद झालेली, पौष लागलेला, लग्नं बंद. माघातल्या चिमूरच्या घोडायात्रेच्या आत परत आलं की झालं. कय्यूमभाऊनं नवा कुर्ता आणि काळं जाकीट शिवून घेतलं. निघायच्या दिवशी बसस्टँडवर पन्नास माणूस. सोमाजी बावर्चीनं दोन्ही हात धरून बजावलं, "कय्यूमभाऊ, सगळं खाऊन या. आन् आल्यावर एकेक पदार्थ खरा खरा सांगा. तुमच्याबिगर आमाले कोण सांगणार?"

"सांगीन ना गा," कय्यूमभाऊ म्हणाला. "कशाले लपवू?"

दानिश जहाजाच्या दारातच भेटला. पांढरा शर्ट, गळ्यात काळा बो, केस चापून बसवलेले. सलाम केला, पण गळ्यात नाही पडला. इकडंतिकडं पाहत त्यानं दोघांना जिन्यानं खाली नेलं, तळाच्या मजल्यावरच्या बिनखिडकीच्या खोलीत. दार लावलं आणि खाली मान घालून म्हणाला,

"मामू, एक सांगायचं होतं. डायनिंग रूमचं तुमच्या कामाचं नाई. मले आधी माहीत नव्हतं, आता कळलं. गोश्त हलाल नाई. भाजीबी त्याच तेलात, त्याच कढईत. कायकायच्यात दारू टाकतात. तुमी तिथी येऊ नका. मी खोलीत पाठवून देईन तुमच्यापुरतं."

वर्षभराची हौस कय्यूमभाऊची. पण तो काय बोलणार? हलाल नाही म्हटल्यावर प्रश्नच मिटला. एवढंच विचारलं, "बाकी मुसलमान काय खातात मंग?"

"कोण मुसलमान आहे इथी? सगळे मुंबईचे शेठ लोकं. आन् वरच्या मजल्यावरबी जाऊ नका. तिथी तलाव आहे, बाया अर्ध्या कपड्यात फिरतात. मामीले बरं नाई वाटणार. मागच्या बाजूनं छोटा कठडा आहे, तिथून समुद्र पाहा."

एवढं सांगून तो गेला. आणि आता पुढचं ऐका, कारण ते सांगताना माझंच डोकं फिरतं. कय्यूमभाऊ हिरमुसला नाही. त्यानं खोलीतच चादर अंथरली आणि भाच्यासाठी शुक्रान्याच्या, अल्लाचे आभार मानायच्या, दोन रकात नमाज पढला. साबिराला म्हणाला, "पाह्यलं? एवढ्या चकचकाटात राहून पोरगं दीन-धरम विसरलं नाई. आपल्याले चुपचाप खाऊ देल्लं असतं तं आपल्याले काय कळणार होतं? आपलं इमान सांभाळलं त्यानं." डोळे पुसले बुवानं!

मग सुरू झालं त्यांचं जेवण. खोलीत ताट यायचं त्यात डबलरोटी, उकडलेली अंडी, केळी आणि जामचे बोटभर डबे. साबिरानं वाटेसाठी पुऱ्या, लाल मिरचीची चटणी आणि चिवडा बांधून घेतला होता, तो पुरवून पुरवून खाल्ला. तिला पहिला दिवसभर ओकाऱ्या. दुसऱ्या दिवशी ती उठून बसली, तर सांजेला हवेच्या जाळीतून वरचा वास खाली उतरला. तळलेला कांदा, तूप, गोश्त. ती हळूच म्हणाली, "अजी, वास तं आपल्यासारखाच येऊन राह्यला."

"वासावरून हलाल कळते काय?" कय्यूमभाऊ खेकसला. पण त्याच्याही तोंडाला पाणी सुटलं होतं. आयुष्यभर पंगती गाजवलेला माणूस पलंगाच्या काठावर बसून उकडलेल्या अंड्याचं टरफल काढत होता. दानिश दिवसातून एकदा दोन मिनिटांसाठी डोकवायचा, उभ्या उभ्याच "ठीक आहे ना मामू?" म्हणायचा आणि निघून जायचा. तिसऱ्या दिवशी पुऱ्यांना वास आला. साबिरानं तरी त्यातल्या दोन खाल्ल्या.

चौथी रात्र शेवटची. कय्यूमभाऊ दुपारीच भाच्याला म्हणाला, "खायचं नाई म्हंते तू, तं नाई खात. पण ते बावर्ची बाह्यर येतात, तेवढं दारातून पाहू दे."

"जागाच नसते मामू. दारातबी उभं राहू देत नाई." असं म्हणून पोरगा गेला.

पण हौस ती हौस. साडेसातला कय्यूमभाऊनं नवा कुर्ता-जाकीट चढवलं, साबिरानं ईदची साडी नेसली, आणि दोघं विचारत विचारत चार जिने चढून डायनिंग रूमच्या दाराशी पोचली. दुरून पाहून परत यायचं, एवढंच मनात होतं. दारात एक मध्यमवयाचा माणूस हातात यादी घेऊन उभा. गोव्याचा होता, मराठी चांगली येत होती. त्यानं हसून खोलीचा नंबर विचारला. कय्यूमभाऊला वाटलं, आता हाकलतो. त्यानं घाबरत घाबरत नंबर सांगितला.

त्या माणसानं यादीवरून बोट फिरवलं आणि त्याचा चेहराच खुलला. "अरे वा! सत्तावीस नंबर टेबल! कय्यूम शेख, साबिरा शेख. बरं वाटतंय ना आता? दानिश म्हणाला, तुम्हाला समुद्र लागलाय, उठवत नाही. तीन रात्री तुमच्या खुर्च्या तशाच ठेवल्यात आम्ही. या, या."

"नाई साहेब," कय्यूमभाऊ म्हणाला, "आमी इथलं खात नाई. हलाल नाई ना."

"कोण म्हणालं?" तो माणूस चकित झाला. "मटण-चिकन मुंबईहून हलालच चढतं. ज्याला जे चालत नाही ते वेगळ्या किचनात होतं. आणि तुमच्या टेबलाला तर पहिल्या दिवसापासून हलाल लिहिलेलं आहे. हे बघा. दानिशनं स्वतःच फॉर्म भरलाय."

कय्यूमभाऊला इंग्रजी वाचता येत नव्हतं. पण दानिशची सही त्याला ओळखता येत होती. शाळेच्या वह्यांपासून पाहिलेली सही.

तो दोन पावलं आत गेला. मोठा दिवाणखाना, छताला झुंबरं, पाच-सहाशे माणूस बसलेलं. सत्तावीस नंबर खांबाजवळच होतं. सहाजणांचं टेबल. चार खुर्च्यांवर एक कुटुंब बसलेलं आणि दोन खुर्च्या रिकाम्या, समोर घडी घातलेले रुमाल, काटे, चमचे, सगळं मांडलेलं. कुटुंबातला म्हातारा दाढीवाला, डोक्यावर टोपी. कामठीचे हाजीसाहेब निघाले. त्यांनी कय्यूमभाऊकडं पाहून ओळखलंच.

"तुम्हीच का आमचे शेजारी? रोज वाट पाहतो आम्ही! बसा ना. दमाचं मटण आहे आज."

"हाजीसाहेब," कय्यूमभाऊनं विचारलं, "हे हलाल आहे?"

"म्हणजे काय! मी विचारल्याबिगर खाणारा माणूस आहे का? पहिल्याच दिवशी कागद पाहून घेतला."

मटणाचा वास आला. जायपत्री जरा जास्त झाली होती, तेही कय्यूमभाऊला कळलं. आणि हे कळत असतानाच तळपायाची आग मस्तकात गेली. नमाज पढला होता त्यानं. या पोरासाठी जहाजाच्या तळाशी बसून नमाज पढला होता, आणि ही बाई, त्याची बायको, वास आलेल्या पुऱ्या खात होती.

तेवढ्यात दानिश हातात तबक घेऊन आतल्या दारातून आला. मामूला पाहून जागीच थिजला. मग तबक बाजूला ठेवून झपाझप आला आणि दातांतल्या दातांत म्हणाला, "मामू, इथी नाई. बाह्यर चला. हात जोडतो, बाह्यर चला."

बाहेरच्या बोळात गालिचा अंथरलेला, भिंतीवर समुद्राची चित्रं. साबिरा मागे उभी राहिली. कय्यूमभाऊनं फक्त एवढंच विचारलं, "काऊन?"

दानिशनं आधी काही तरी जुळवायचा प्रयत्न केला. मग जमेना, तेव्हा खरं बोलून गेला.

"तुमी बावर्चीले बोलावलं असतं मामू! मले माहीत नाई काय तुमचं? बाह्या सारून बसले असते, पोटभर खाल्लं असतं आन् सहाशे लोकायच्या समोर हाक मारली असती. बोलवा त्याले बाह्यर! इथला बावर्ची म्हंजे सोमाजी नोहे. फिरंगी आहे, कॅप्टनच्या टेबलावर बसते तो. मी पयले फॉर्म भरला, खरंच भरला. मंग रातभर झोप नाई लागली मले. पुढच्या महिन्यात मोठ्या जागेवर माह्यं नाव लागून राह्यलं. लोकं हसले असते मामू. माह्यावर हसले असते."

"मंग सांगायचं ना तसं!" कय्यूमभाऊचा आवाज फुटला. "मामू, तोंड बंद ठेवा, चुपचाप गिळा, असं म्हनायचं! म्या गिळलं असतं. तुह्या नोकरीपुढं माही हाक मोठी होती काय? आन् खोटंच बोलायचं होतं तं म्हनायचं जागा नाई. म्हनायचं असे कपडे चालत नाई. म्हनायचं, मामू, मले लाज वाटते तुमची. ऐकलं असतं तेबी. अल्लाच्या नावानं काऊन खोटं बोल्ला बे?"

दानिश भिंतीकडं पाहत म्हणाला, "दुसरं काय सांगतलं असतं तं तुमी चार सवाल केले असते. हे एकच होतं जे तुमी काई न विचारता मानलं असतं."

बरोबरच बोलला होता पोरगा. मामूच्या आतलं सगळ्यात मऊ ठिकाण कोणतं, हे त्याला घरचाच म्हणून माहीत होतं, आणि त्यानं तिथंच सुरी लावली होती.

आत बाजा सुरू झाला. दार उघडंच होतं. पांढऱ्या कपड्यांतले बावर्ची एकामागून एक बाहेर आले, केकांवर फुलझड्या तडतडत होत्या, लोक उभे राहून रुमाल फिरवत होते. दानिश केविलवाणा होऊन म्हणाला, "चला मामू, बसा आता. मी माह्या हातानं वाढतो. मामी, तुमी तरी बसा." साबिरानं नवऱ्याकडं पाहिलं. तिला भूक लागली होती, हे तिच्या तोंडावर लिहिलेलं होतं. कय्यूमभाऊ म्हणाला, "तू जा, बस. माही शपथ, जा." ती म्हणाली, "तुमच्याबिगर कशी बसू?" आणि तीच आधी जिन्याकडं वळली. ज्यासाठी तो वर्षभर झुरला, त्या बावर्च्यांकडं कय्यूमभाऊनं पाठ केली. टाळ्या ऐकू येत राहिल्या, दुसऱ्या जिन्यापर्यंत.

मुंबईहून नागपूर, नागपूरहून चिमूरची बस. दानिश बंदरावर उतरवून द्यायला आला होता, रडलाही. कय्यूमभाऊ त्याच्याशी एक शब्द बोलला नाही. पण रस्ताभर मनाशी बोलत राहिला. सांगून टाकायचं. चिमूरच्या अलीकडं भिसी गावाजवळ बस आली तोवर त्यानं सगळं जुळवून ठेवलं. लोक विचारतील, आपण पहिल्यापासून सांगायचं, जसं झालं तसं. खाल्लं नाही तर नाही खाल्लं. पोरानं दगा दिला तर दगा दिला. जेवणाच्या बाबतीत आजवर खोटं बोललो नाही, या वयात कशाला बोलू? साबिराला तसं बोलूनही दाखवलं. ती खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "तुमची मर्जी. पण नाजिया घरीच आहे."

दुकानासमोर लोक जमलेलेच होते. लटारू, म्हणजे गंज वाहून नेणारा त्याचा जुना गाडीवान, त्यानं पिशव्या उतरवल्या. सोमाजी बावर्ची तर हातातलं काम टाकून आला होता. खुर्ची मांडली, पाणी दिलं, आणि सगळ्यांच्या आधी सोमाजीच बोलला, "हं, बोला कय्यूमभाऊ. जहाजावरचं जेवण कसं होतं?"

कय्यूमभाऊनं तोंड उघडलं आणि त्याच वेळी घराच्या दारातला पडदा सरकवून नाजिया बाहेर आली. गुडघ्यावर हात टेकत टेकत ओट्याच्या कडेला बसली. तोंडभर हसत होती.

"थांबा, पयले मले सांगू द्या त्याले," ती लोकांना म्हणाली. "भाई, दानिशचा फोन आला होता काल. म्हने, अम्मी, पुढच्या सालाले तू ये. मी तं ठरवूनच टाकलं. मरो ते गुडघे. पोटच्या लेकाच्या हातचं एकदा त्या मोठ्या खोलीत बसून खाईन. तुमाले वाढलं ना त्यानं आपल्या हातानं?"

सगळे कय्यूमभाऊच्या तोंडाकडं पाहू लागले. त्याला ती बिनखिडकीची खोली दिसली. त्या पलंगाच्या काठावर नाजिया बसलेली दिसली, दुखऱ्या गुडघ्यांवर ताट ठेवून अंड्याचं टरफल काढणारी. तिला पोरगा काय सांगेल? तेच सांगेल. आणि ती मानेल, नमाज पढेल त्याच्यासाठी. मग आता, इथं, हिला खरं सांगावं? पंधरा माणसांसमोर? या बाईकडं त्या पोराशिवाय दुसरं काय होतं?

"नाई," कय्यूमभाऊ म्हणाला. "तू नको जाऊ."

"काऊन?"

साबिरा पिशवी हातात घेऊन उभीच होती.

"तिथलं हलाल नाई," कय्यूमभाऊ म्हणाला. "आमी खाल्लंच नाई काई. भाजीबी त्याच तेलात. चार दिवस डबलरोटी आन् केळी. दानिशनं आमाले पयल्याच दिवशी सांगतलं. मामू, इथी येऊ नका म्हने."

लटारूनं मान डोलावली. सोमाजी हळहळला, "अरेरे, एवढी हौस तुमची! पण पोरगा सच्चा हो. दुसरा कोणी असता तं म्हनला असता खा चुपचाप, कोण पाहून राह्यलं."

"हो ना," दुसरा म्हणाला. "एवढ्या मोठ्या नोकरीत राहून दीन सांभाळला पोरानं."

खोटं आहे असं कोणाच्या मनातसुद्धा आलं नाही. कसं येणार? जेवणाबद्दल कय्यूमभाऊ सांगत होता.

नाजियाच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. "मंग मीबी नाई जात," ती म्हणाली. "नाई खायचं मले तिथलं. माह्या पोरानं माही मान वर केली, माह्यं पोट त्यातच भरलं." तिनं दोन्ही हात पसरले आणि मोठ्यानं दुआ मागितली, "या अल्ला, माह्या दानिशले असाच सच्चा ठेव. जसा तो आपल्या मामूशी वागला, तशी सगळी दुनिया त्याच्याशी वागू दे."

ओट्यावर जे मुसलमान होते ते आमीन म्हणाले. साबिरा आत निघून गेली. नाजिया हात तसेच पसरून भावाकडं पाहत थांबली, तो म्हणेपर्यंत ती दुआ संपवून हात तोंडावर फिरवणार नव्हती.

कय्यूमभाऊ आमीन म्हणाला.